पवित्रवाले गुरुजी

कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस राज्याची हद्द न ओलांडता तेराशेहून अधिक किलोमीटर धावते आणि दुसऱ्या दिवशी गोंदियाला येऊन थांबते. पुढे जायला महाराष्ट्रच उरलेला नसतो. त्या गाडीतून उतरणाऱ्या गर्दीत एक माणूस आम्हा गोंदियाकरांना लांबूनही ओळखू येतो. वय पंचविशीच्या आसपास. पाठीवर सॅक, एका हातात नवी कोरी ट्रॉली बॅग, दुसऱ्या हातात आईने बांधून दिलेलं भडंग आणि शेंगदाण्याची चटणी. छातीशी प्लास्टिकची फाइल, तिच्यात डी.एड.पासून जातवैधतेपर्यंतची मूळ कागदपत्रं. रात्री बर्थवर ती त्याच्या उशाखाली होती, म्हणून तिला मध्यभागी डोक्याच्या आकाराचा खळगा पडलेला असतो. रिक्षावाला "कहाँ जाना है भैया?" म्हणतो. हा दचकून फलाटावरची पाटी पुन्हा वाचतो.

"पवित्रवाला आला," आम्ही म्हणतो.

यात चेष्टा नाही. राज्यातली शिक्षकभरती २०१७ साली ज्या पोर्टलवर गेली त्याचं नावच पवित्र. उमेदवाराने आधी अभियोग्यता चाचणी द्यायची, दोन तासांत दोनशे प्रश्न. मग गुणांची वाट पाहायची, मग जाहिरातींची, मग न्यायालयातल्या तारखांची. एवढं तप झालं की पसंतीक्रम भरायचे. आपल्या गुरुजींनी सांगलीपासून सुरुवात केलेली असते. कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर असं करत करत ते खाली येतात, आणि रात्री बाराच्या पुढे, डोळे मिटत आलेले असताना, राहिलेल्या जागा रिकाम्या कशाला सोडा म्हणून जे जिल्हे भरतात त्यांत गोंदिया असतो. पवित्राला नेमका तो दिसतो.

निकालाच्या दिवशी घरात पेढे येतात आणि पाठोपाठ नकाशा. वडील बोट नागपूरपर्यंत नेतात, तिथे थांबून चष्मा पुसतात आणि मग बोट आणखी उजवीकडे सरकवतात. "महाराष्ट्रातच आहे," ते जाहीर करतात. आई विचारते, "तिकडं नक्षलवादी असत्यात न्हवं?" मामा म्हणतात, सरकारी नोकरी आहे, चंद्रावर दिली तरी जायचं. मामांची नोकरी मिरजेत आहे.

अमेरिकेतल्या युटा राज्यात मॉर्मन पंथाच्या घरांतही असाच एक दिवस येतो. मुलगा अठरा वर्षांचा झाला की धर्मप्रसाराला जायचा अर्ज करतो. कुठे पाठवायचं ते चर्च ठरवतं. पत्र आलं की आजी-आजोबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे जमतात आणि मुलगा मोठ्याने वाचतो: पेरू, फिलिपिन्स, नाहीतर आपल्याच देशातलं कुठलं तरी अमुक गाव. मुलांनी दोन वर्षं आणि मुलींनी दीड वर्ष तिथे राहायचं. पसंतीक्रम वगैरे भानगड नाही, त्यामुळे रात्री बारा वाजता चुकीची टिचकी मारल्याचा पश्चात्तापही नाही. आमच्या गुरुजींची सेवा तीन वर्षांची. या काळात त्यांना शिक्षक म्हणत नाहीत, शिक्षणसेवक म्हणतात. सहा हजारांवर अडलेलं मानधन २०२३ पासून सोळा हजार झालं. तेवढ्यात सेवाभाव टिकवायचा असतो.

जिल्हा परिषदेत समुपदेशन होतं. इथे समुपदेशन म्हणजे पडद्यावर उरलेल्या शाळा दाखवून त्यातली एक निवडायला लावणं. आठ तालुके. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव ही नावं पुढच्यांनी उचललेली असतात. यांच्या वाट्याला सालेकसा येतं, तेही सालेकसा गाव नव्हे तर तिथून आत, छत्तीसगडच्या डोंगरांना टेकलेलं एखादं. गुरुजी गाव मोबाइलच्या नकाशावर शोधतात. नकाशावर सगळं हिरवं असतं.

मग प्रशिक्षण. नव्या शिक्षकाचं प्रशिक्षण हा आपल्याकडचा अत्यंत आनंदी प्रकार आहे. सकाळी प्रार्थना, मग टाळ्यांचे प्रकार. पावसाची टाळी, हत्तीची टाळी, कौतुकाची टाळी. एम.ए. झालेली, दाढी राखलेली माणसं गोलात उभी राहून माकडाचं गाणं म्हणतात. प्रशिक्षण देणारा सुलभक हा नव्या काळातला कीर्तनकार. तो झोपलेल्याला उठवतो, उठलेल्याला हसवतो आणि जेवणानंतरच्या तासाला कुणालाही प्रश्न विचारत नाही. पायाभूत साक्षरता, अध्ययन निष्पत्ती, निपुण भारत हे शब्द गुरुजी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतात. परीक्षेची सवय गेलेली नसते, त्यामुळे महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघही ओढतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तिथे मुलाच्या घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे, तेही पडद्यावर येतं. "हे आपल्याला माहीतच आहे," सुलभक म्हणतात आणि पुढची स्लाइड लावतात. शेवटी फलकासमोर सामूहिक फोटो, अभिप्रायाची लिंक, चहा.

गुरुजी पेटलेले असतात. खरोखर पेटलेले, यात मी थट्टा करत नाही. पाटीपुस्तकं, शब्दपट्ट्या, रंगीत मणी, स्वतःच्या पैशाने घेतलेला लॅमिनेटेड प्राण्यांचा तक्ता असा ऐवज घेऊन ते काळी-पिवळीत बसतात. आमगावहून सालेकशाकडे जाणाऱ्या त्या जीपमध्ये त्यांच्या मांडीवर एक मूल, पायाशी एक बोकड आणि खांद्यावर झोपलेल्या एका म्हाताऱ्याचं डोकं असतं. प्रशिक्षणात शिकलेलं 'समाजाशी नातं जोडणं' इथेच सुरू होतं.

पहिला तास. पहिलीचा वर्ग, मुलं मांडी घालून बसलेली. गुरुजी बालभारतीच्या मराठीत स्वागत करतात. सांगलीत घरी ते असं बोलले असते तर आजीने दृष्ट काढली असती. मुलं टकामका बघतात. गुरुजी तक्ता टांगतात आणि कुत्र्यावर छडी ठेवतात.

"हे काय आहे?"

"नाय," पुढचा मुलगा म्हणतो.

"नाही कसं? नीट बघ. हे काय आहे?"

"नाय!" आता सगळा वर्ग.

गुरुजी धीर सोडत नाहीत. प्रशिक्षणात सांगितलंय, चुकीच्या उत्तराला नकार देऊ नये. ते चारही पायांवर वाकून भुंकून दाखवतात. वर्ग आनंदाने उसळतो आणि एका सुरात ओरडतो, "नाय! नाय!" तेवढ्यात बाहेर शेडमध्ये खरा कुत्रा खिचडीच्या पातेल्याशी पोचतो. एक चिमुरडी उठून दाराकडे बोट दाखवत "नाय, नाय" करते. गुरुजी तिला मायेने खाली बसवतात, "नाही काय, आहे म्हणायचं." पातेलं आडवं होतं.

खिचडीवाल्या बाई पळी घेऊन दारात येतात. "गुरुजी, तो नाय म्हनते म्हंजे कुत्रा म्हनते जी! गोंडीत कुत्र्याले नाय म्हनतेत."

शुद्ध मराठीचा प्रसार करायला आलेल्या माणसाचा पहिला धडा पोषण आहाराच्या शेडमध्ये होतो, तो असा.

आता खरं तर गोंडी एकटी असती तरी बरं झालं असतं. पण गोंदिया हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला जिल्हा. एका अंगाला मध्य प्रदेश, दुसऱ्याला छत्तीसगड. इथे स्टेशनवर हिंदी, राइस मिलमध्ये हिंदी आणि मारवाडी, पोवारांच्या घरात पोवारी, लोधींच्या घरात लोधी, डोंगराकडे छत्तीसगढी आणि गोंडी, आणि या सगळ्यांच्या मधून झाडीबोली वाहते, जिच्यात ळ आणि ण यांना फारसं काम नसतं. डोळ्याचा डोरा होतो आणि पाणी पानी होतं. गुरुजींनी दोन वर्षं ळ-ण घोटून डी.एड. केलेलं. पहिल्या आठवड्यात ते प्रत्येकाची दुरुस्ती करतात. सरपंचांचीही. "पानी नाही हो, पाणी." सरपंच शांतपणे म्हणतात, "नाही आला जी अजून, नळाचा काम चालू हाय."

बाजारातही तीच गत. कोथिंबीर मागितली की बाई दुसरीकडे बोट दाखवते, कारण तिच्याकडे सांबार आहे. टोमॅटोला भेदरे म्हणतात. ज्वारीची भाकरी कुठे मिळेल विचारलं की लोक आजारी आहात का विचारतात. हा धानाचा मुलूख. दोन्ही वेळा भात. गुरुजी पहिल्या महिन्यात भात खाऊन उपाशी राहतात. पोट भरतं पण जेवल्यासारखं वाटत नाही, अशी तक्रार ते फोनवर आईकडे करतात. आई दिवसातून तीनदा फोन करते. मॉर्मन पोरांना २०१९ पर्यंत घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदा होती, नाताळला आणि मातृदिनाला. आता आठवड्यातून एकदा आहे. तरीही मला त्या पोरांविषयी हळहळ वाटत नाही. त्यांना जेवायला काय मिळतं ते निदान कुणी दिवसातून तीनदा विचारत नाही.

त्या पोरांचं एक मात्र घेण्यासारखं आहे. स्पॅनिश बोलणाऱ्या देशात जायचं असेल तर युटातल्या प्रोवोच्या प्रशिक्षण केंद्रात सहा आठवडे भाषेचा रट्टा. जेवताना, प्रार्थना करताना, जोडीदाराशी भांडतानाही स्पॅनिश. व्याकरण तुटकं असलं तरी चालेल, तोंड उघडलं पाहिजे. आमच्याकडे पाच-सहा भाषांच्या गावात माणूस सोडतात आणि बरोबर माकडाचं गाणं देतात.

भाषा शिकल्याशिवाय इथे काही पेरता येत नाही, हे एका पाद्र्याला फार पूर्वी कळलं होतं. स्कॉटलंडहून १८४५ मध्ये नागपुरात आलेले स्टीफन हिस्लॉप. धर्म सांगायला आले आणि गोंडांचं ऐकत बसले. परधान समाजातल्या गायकाकडून त्यांनी लिंगोचं भलंमोठं गीत उतरवून घेतलं. १८६३ मध्ये पुराच्या ओढ्यात ते बुडाले, आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. त्या गीतातला पारी कुपार लिंगो ज्या गुहेतून गोंडांच्या पूर्वजांना बाहेर काढतो ती गुहा म्हणजे आमच्या सालेकसा तालुक्यातलं कचारगड, अशी लोकांची श्रद्धा आहे. माघ पौर्णिमेला तिथे राज्याराज्यांतून माणूस लोटतो. गुरुजींची शाळा त्या डोंगराच्या पायथ्याच्या बाजूला. पण शिक्षक पात्रता परीक्षेत लिंगो आला नव्हता, त्यामुळे गुरुजींची त्याच्याशी ओळख नाही.

कुत्रा प्रकरणानंतर मात्र गुरुजींनी शंभर पानी वही घातली. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गोंडी. गुरू दोन: खिचडीवाल्या बाई आणि चौथीतली एक मुलगी. ही मुलगी अतिशय कडक. उच्चार चुकला की ती कपाळाला हात लावते. प्रोत्साहनपर टाळी तिला कुणी शिकवलेली नाही. येर म्हणजे पाणी, कोर म्हणजे कोंबडी. नीवा परोल बाताल, तुझं नाव काय. हे वाक्य गुरुजी इतक्यांदा घोकतात की गावातल्या प्रत्येक पोराला रोज नाव विचारतात. पोरंही रोज नवीन नावं सांगतात.

एक दिवस मधल्या सुट्टीत पहिलीतला एक जण चिंचोके मोजत असतो. "उंदी, रंड—"

"काय म्हणालास?" गुरुजी गरजतात.

पोरगा घाबरून पुन्हा मोजतो. "उंदी, रंड, मूंद..."

गुरुजी त्याला कानाला धरून मुख्याध्यापकांपुढे उभा करतात. शिव्या देतो म्हणून. मुख्याध्यापक रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणतात, "एक, दोन, तीन म्हनत आहे तो. पुढं नालुंग, सैयुंग. सोडा त्याला."

हे मुख्याध्यापक इकडचेच. साकोलीकडचे, झाडीतले, सव्वीस वर्षं आत-बाहेर नोकरी झालेले. शाळा द्विशिक्षकी. मॉर्मन प्रचारकही नेहमी दोघे-दोघे हिंडतात, एक जुना आणि एक नवा, आणि एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही असा त्यांचा नियम आहे. आमच्याकडेही जोडी आहे, पण त्यातला जुना पंचायत समितीत असतो. रोज कुणाला तरी तातडीने माहिती हवी असते. किती मुलांना गणवेश, किती झाडं जगली, नखं कापलेली मुलं किती, आधार जुळलेली किती. सकाळी मागतात, दुपारी बारापर्यंत हवी. माहिती न्यायला मुख्याध्यापक मोटारसायकलवर जातात आणि पहिली ते चौथी गुरुजींच्या हवाली करतात. जाताना त्यांनी दिलेला एक सल्ला गुरुजींनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे: समजलं नाही तर मान हलवू नये.

रात्री मात्र गुरुजींचा खरा स्वाध्याय चालतो. भाड्याची खोली, एक पंखा, जंगलातून येणारे पावसाळी किडे. ते मोबाइलवर शासन निर्णय वाचतात. आंतरजिल्हा बदलीचे सगळे. कोणता कुणी रद्द केला, कोणत्या शुद्धिपत्रकात 'आणि' च्या जागी 'किंवा' झालं, आपसी बदलीला साथीदार कसा शोधावा. शिक्षकांच्या गटावर रात्री अकरानंतर भाष्यकार जागे होतात. एखाद्या परिच्छेदावर इतका खल होतो की बनारसचे शास्त्री गार पडावेत. दिवसा या मातीशी नाळ जोडणारा माणूस रात्री ती कापायची कात्री शोधत असतो, आणि मला यात ढोंग दिसत नाही. दोन्ही वेळी तो तितकाच प्रामाणिक असतो. शिवाय लग्न ठरायचंय. मुलीकडचे पहिला प्रश्न पगाराचा विचारतात आणि दुसरा बदलीचा.

जूनअखेर विदर्भातल्या शाळा उघडतात, आणि जुलैत पाऊस लागला की रोवणी, म्हणजे भातलावणी, सुरू होते. बांध्या पाण्याने भरतात, पऱ्हे उपटून त्यांच्या जुड्या बांधतात, आणि गावात माणूस दिसत नाही. मोठी पोरं चिखलात, लहान पोरं त्यांच्याहून लहान पोरांना सांभाळत बांधावर. वर्गात तीन जण. गुरुजींना शासनाने सांगितलेलं असतं: गृहभेटी द्या.

मग ते छत्री घेऊन दारोदार फिरतात. काळा बिल्ला लावून सायकलवरून येणाऱ्या त्या गोऱ्या प्रचारकांनी बघितलं असतं तर त्यांना हा भाऊबंदच वाटला असता. दार उघडं, आत कोणी नाही. दुसरं दार उघडं, आत नाय. तिसऱ्या अंगणात एक म्हातारी सूप पाखडत बसलेली. दुसरीतल्या, पंधरा दिवस न दिसलेल्या एका मुलाची आजी. गुरुजींचं मन भरून येतं. इतके दिवस वहीत कोंडलेली गोंडी आज बाहेर काढायची.

"नीवा परोल बाताल?"

म्हातारी नाव सांगते, आणि पुढे बोलतच राहते. भरपूर, लयीत, मधे हातवारे. गुरुजींना त्यातलं एक अक्षर कळत नाही. पण पाहुण्याने आपल्या भाषेत तोंड उघडल्याचा तिला झालेला आनंद समोर दिसतो, आणि तो मोडवत नाही. वहीचं पहिलं पान विसरून ते मान हलवतात. ती पुन्हा काही विचारते. ते जोरात मान हलवतात. मग आपलाही शब्दसंग्रह दिसावा म्हणून अंगणातल्या कोंबडीकडे बोट दाखवून म्हणतात, "कोर!"

म्हातारी कोंबडीकडे बघते, गुरुजींकडे बघते, आणि समाधानाने हसते. नातवाविषयी बोलायचं राहूनच जातं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. प्रार्थनेला नातू हजर. केस चोपून बसवलेले, दप्तर पाठीला, आणि काखेत पाय बांधलेली कोंबडी. आजीने पाठवली आहे, गुरुजींनी काल सौदा केला म्हणून. चारशे रुपये.

"अरे, मी सौदा कुठं केला?"

"किंमत सांगतली तं तुमी मुंडी हालवली म्हने," खिचडीवाल्या बाई दुभाषाचं काम करतात. "दोनदा."

गुरुजी चारशे रुपये मोजतात. खरी पंचाईत पुढेच. श्रावण लागलेला, आणि सांगलीच्या घरात श्रावण कडक. तो मोडला तर आईच्या तीन फोनांपैकी एकात तरी तोंडून निघून जाईल. परत द्यावी तर म्हातारीचा अपमान. शेवटी कोंबडी व्हरांड्यातल्या तुटक्या बाकाला बांधली जाते. श्रावण संपेपर्यंत ती शाळेची.

सोमवारी वर्गात अकरा मुलं येतात, मंगळवारी सतरा. रोवणी संपलेली नसते. गुरुजी अहवालात 'गृहभेटींमुळे उपस्थितीत लक्षणीय वाढ' असं लिहितात, आणि ते खोटंही नसतं. मधल्या सुट्टीत पोरं कोंबडीला दाणे घालतात, मोजून: उंदी, रंड, मूंद. गुरुजी आता कान पकडत नाहीत, पुढचे आकडे विसरले तर पोरांना विचारतात. गुरुवारी बाकाखाली अंडं सापडतं. पोषण आहारातल्या अंड्यांचा निधी सरकारने २०२५ च्या जानेवारीत थांबवला होता, त्यामुळे पोरं ते अंडं हातोहात फिरवून बघतात आणि ते कुणाचं यावर तिसरी आणि चौथीत मारामारी होते.

मुख्याध्यापक पंचायत समितीतून परततात तेव्हा गुरुजी तंटा सोडवत असतात. ते हेल्मेट काढतात, कोंबडीकडे बघतात, अंड्याकडे बघतात आणि बॅगेतून नवा तक्ता बाहेर काढतात. उद्या बारापर्यंत द्यायची माहिती आहे.

"शाळेला लोकसहभागातून मिळालेल्या वस्तू," ते वाचून दाखवतात. "हिला कोणत्या रकान्यात टाकायची, गुरुजी?"